खिडकीकडच्या खुर्चीवरची बाई

देवाने माणसाला दोन डोळे दिले, पण ते वापरायचे कसे हे सांगणारा कागद सोबत घालायचा राहून गेला. एवढं मोठं दुकान एकट्याने चालवायचं म्हणजे असं काहीतरी राहणारच. आपण लगेच तक्रार घेऊन उभे राहत नाही. पण तो राहिलेला कागद आपण लिहून काढू, असं वर्तन संशोधन केंद्राच्या प्रमुखांनी मनावर घेतलं होतं.

त्यांनी बघण्याची व्याख्या केली होती. मान समोरच्या माणसाकडे वळवून, डोळे त्याच्या डोळ्यांना थेट भिडवून, किमान एक सेकंद. याला बघणं म्हणायचं. पाऊण सेकंद बघितलं तर ते बघणं नव्हे. खाली मान घालून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, खांद्यावरून बघितलं तर तेही नव्हे. या हिशेबाने जगातली निम्मी लग्नं एकमेकांना न बघताच जमली म्हणायची, पण ते प्रमुखांना सांगणार कोण? ते चहाची, रजेची, उशिराची, सगळ्याची व्याख्या करत, म्हणून केंद्रातले लोक त्यांना मागे व्याख्यासाहेब म्हणत. तोंडावर नुसतं साहेब.

ऑटिझम असलेल्या मुलांना व्याख्येबरहुकूम बघायला शिकवायचं, असं त्यांचं संशोधन होतं. मूल आणि तज्ज्ञ समोरासमोर बसणार. मुलाने बघितलं की तज्ज्ञ म्हणणार ‘शाब्बास’, दोन टाळ्या वाजवणार आणि बिस्किटाचा तुकडा पुढे करणार. आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास, बारा आठवडे. शेवटी अर्ध्या तासात दहा वेळा बघणं झालं तर मूल ‘प्रतिसाद देते’, नाही तर ‘प्रतिसाद देत नाही’. मधलं काही नाही.

त्या मुलांत एक नऊ वर्षांची मुलगी होती. तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करत. ते तिला राणीसरकार म्हणायचे. “दरबारात कोणीही येवो,” ते सांगत, “आमच्या राणीसरकार मान वर करून बघायच्या नाहीत. ज्याला गरज असेल त्याने खाली वाकावं.” राणीसरकार बोलत कमी, पण जे बोलत ते बरोबर जागी पडे. शेजारच्या काकू तासभर बसल्या, की ही दारापाशी जाऊन दार उघडून धरायची आणि म्हणायची, “तळमजला.”

पण शाळेत राणीसरकारांचं राज्य डळमळीत झालं होतं. मुख्याध्यापिकांनी वडिलांना बोलावून घेतलं.

“अहो, ती माझ्याकडे बघतच नाही. मी सांगते ते तिच्या डोक्यात शिरतंय की नाही, मला कसं कळणार?”

“गणितात किती मिळाले तिला?”

“गणितात सगळे.”

“मग शिरत असेल.”

“तसं नाही हो. बघायला नको का माणसाने?”

शेवटी असं ठरलं, की केंद्राचं ‘प्रतिसाद देते’ असं पत्र आलं तर मुलगी याच शाळेत राहील. नाही तर तिला निवासी विशेष शाळेत पाठवायचं. ती शाळा बसने सहा तासांवर होती आणि पालकांना महिन्यातून एकदा भेटता येई. राणीसरकार रोज झोपण्याआधी वडिलांच्या सदऱ्याचं वरचं बटण दाबून “बंद” म्हणत. त्याशिवाय त्यांना झोप येत नसे. सहा तासांवर कोणाचं बटण दाबणार? आई बेकरीत पहाटेच्या पाळीला जायची. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, “पत्र आणा. कसंही करून आणा. नाही तर त्या निवासी शाळेत मलाही भरती करा.”

आता खुर्च्यांचं ऐका, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला.

खोलीत दोन खुर्च्या होत्या. खिडकीकडची मुलासाठी, दाराकडची तज्ज्ञासाठी. खिडकीकडच्या खुर्चीला चाकं होती. पहिल्याच दिवशी राणीसरकारांनी ती चाकं पाहिली, चाकांच्या गोष्टीवर बसणं आपल्याला शोभत नाही असं त्यांना वाटलं असावं, आणि त्या सरळ दाराकडच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. उठवायचा प्रयत्न झाला. अर्धा तास संपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग साहेब म्हणाले, “बसू दे. ताई, तुम्ही खिडकीकडे बसा.”

या ताई म्हणजे तज्ज्ञ. वयाने तिशीच्या आतल्या, मनाने चांगल्या, मुलांची आवड म्हणून या कामात आलेल्या. दिवसातून दोनशे वेळा ‘शाब्बास’ म्हणून म्हणून त्या घरीसुद्धा नवऱ्याने पाण्याचा पेला विसळला तरी शाब्बास म्हणत. त्यामुळे त्यांचं नाव पडलं शाब्बासताई. साहेबांनी त्यांच्यासाठी खास सोय केली होती. मूल बघतंय की नाही हे बघण्यात तज्ज्ञाचा वेळ जाऊ नये म्हणून त्यांच्या कानात एक बटण बसवलं होतं. पलीकडच्या खोलीत आलेखकाका कॅमेऱ्याच्या पडद्यावर मुलीकडे लक्ष ठेवून असत. आलेख काढून काढून त्यांची पाठसुद्धा चढत्या रेषेसारखी वाकली होती. मुलीने बघितलं की ते कळ दाबत, ताईंच्या कानात ‘टुक’ होई, मग शाब्बास, टाळ्या, बिस्कीट. ताईंनी फक्त घड्याळ, मुलीला दाखवायची चित्रांची कार्डं आणि तक्ता सांभाळायचा. मुलीकडे बघायची त्यांना गरजच उरली नव्हती.

एकाच माणसाच्या मोजणीवर भरवसा ठेवत नाहीत, म्हणून दुसरा मोजणारा लागतो. आणि त्याला संशोधनातलं काही सांगायचं नाही, म्हणजे तो मनाचं घालणार नाही. याला केंद्रात आंधळी मोजणी म्हणत. राणीसरकारांच्या बैठकांच्या या आंधळ्या मोजणीसाठी साहेबांनी गावातली सगळ्यात डोळस बाई शोधून आणली.

ती बाई तीस वर्षं परीक्षागृहात पर्यवेक्षक होती. कोण कोणाच्या पेपरात बघतंय, कोण बाहीत बघतंय, कोण छताकडे बघून रडायच्या बेतात आहे, हे ती व्हरांड्यातून सांगू शकत असे. मुलं तिला दुर्बीण म्हणायची. निवृत्त झाल्यावर लोक आदराने दुर्बीणबाई म्हणू लागले. साहेबांनी तिला निवडलं ते मात्र डोळ्यांसाठी नव्हे. ‘सूचनेचं अक्षरशः पालन करते’ असं तिच्या शिफारसपत्रात लिहिलेलं होतं.

आंधळी मोजणी म्हणजे केवढा सोवळेपणा! दुर्बीणबाईंनी मागच्या दाराने यायचं, मागच्या दाराने जायचं, कोणाशी बोलायचं नाही. खोलीच्या एका भिंतीला मोठा आरसा होता. खोलीतल्यांना तो आरसा, आणि मागे अंधारात बसलेल्या बाईंना ती काच. आवाज बंद ठेवलेला, म्हणजे शाब्बासकी ऐकून मोजणी बिघडायला नको. आणि हातात छापील सूचना: ‘खिडकीकडच्या खुर्चीवरील व्यक्ती दुसऱ्या व्यक्तीच्या डोळ्यांकडे किती वेळा बघते ते मोजावे. प्रश्न विचारू नयेत.’

खुर्च्या बदलल्या तेव्हा ही सूचना बदलायला हवी होती. पण तिच्यावर केंद्राच्या समितीचा शिक्का होता. एक शब्द बदलायचा तर नवा अर्ज, नवी बैठक आणि चार आठवडे. आणि बाईंना तोंडी सांगायचं तर आंधळेपणा मोडणार. साहेब म्हणाले, “त्यांना दिसेलच की मूल कोणतं ते.” बाईंना मूल दिसलं. पण सूचनेत मूल हा शब्द कुठे होता?

तर बारा आठवडे आमच्या दुर्बीणबाईंनी डोळ्यांत तेल घालून शाब्बासताईंना मोजलं.

आणि त्यांना वाईट वाटू लागलं. काचेपलीकडे दर बैठकीला एक तरुण बाई येऊन बसे आणि समोरच्या गोड पोरीकडे चुकूनही बघत नसे. एकच कार्ड उचलायची, खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. सारखा कानाला हात. मधेच, काही कारण नसताना, दोन टाळ्या. घड्याळ बोटभर सरकलं तर जीव कासावीस. समोरची पोर मात्र शांत. दिलेलं बिस्कीट घ्यायची, तुकडे ओळीत मांडायची आणि वाट बघत बसायची. दुर्बीणबाईंनी आपल्याशी ठरवून टाकलं: आजारी ती बाई, आणि मुलाच्या सहवासाने तिला बरं करायचा हा प्रयोग. मुलं मोठ्यांना सुधारतात हे त्यांनी तीस वर्षं बघितलंच होतं. उलटं होताना फारसं दिसलं नव्हतं.

बाई रोज सकाळी देवापुढे बसत. त्यांचं देवाशी बोलणं जरा अधिकाराचं असे. “हे बघ,” त्या म्हणत, “त्या खिडकीकडच्या बाईकडे जरा लक्ष दे. ती कोणाकडे बघत नाही, निदान तू तरी तिच्याकडे बघ. आज कामात असशील तर राहू दे, मी उद्या पुन्हा येते. सुटका नाही तुझी.” देवही गोंधळात पडला असणार. अर्ज एकीच्या नावाचा, आणि पत्र अडलेलं दुसरीचं.

यात वाईट भाग असा, की आकडे जुळत होते. आलेखकाका मोजायचे मुलीला: दोन, एक, तीन, शून्य, दोन. दुर्बीणबाई मोजायच्या ताईंना: दोन, दोन, तीन, शून्य, एक. अर्ध्या तासाचे दहा दहा सेकंदांचे तुकडे पाडलेले. बहुतेक तुकड्यांत दोघांचंही शून्य, आणि शून्याला शून्य जुळायला कितीसे कष्ट लागतात? शंभरात एक्क्याण्णव तुकडे जुळले. साहेब खूष. “इतकी निर्दोष मोजणी या केंद्रात झालेली नाही,” ते म्हणाले आणि राणीसरकारांचं पत्र त्यांनी टाइप करायला सांगितलं. ‘प्रतिसाद देत नाही.’ फक्त दुसऱ्या मोजणाऱ्याची सही बाकी, असं वडिलांना कळवलंही.

सहीसाठी दुर्बीणबाईंना पहिल्यांदाच पुढच्या दाराने बोलावलं. सकाळचे अकरा वाजले होते. व्हरांड्यातल्या बाकावर लिफ्टवाले वडील हत्यारांची पिशवी पायाशी ठेवून बसले होते. शाळेचं कार्यालय एकला बंद होणार होतं आणि पत्र द्यायच्या मुदतीचा आज शेवटचा दिवस होता. शेजारी राणीसरकार पाय हलवत होत्या.

“अगंबाई, तूच का ती!” दुर्बीणबाई तिच्यासमोर थांबल्या. मग वडिलांना म्हणाल्या, “तुमची मुलगी ना? धन्य आहात हो.”

वडिलांना तिच्याबद्दल फक्त तक्रारी ऐकायची सवय. “काय केलं तिने?”

“काय केलं? बारा आठवडे त्या बाईंना सांभाळलं!”

“कोणत्या बाईंना?”

“त्या मधेच टाळ्या वाजवतात त्या. बिचारीला फारच त्रास दिसतो. एवढ्याशा पोरीने काय संयम ठेवला! ती बिस्कीट द्यायची आणि ही घ्यायची. नको असलं तरी घ्यायची. कोणाचं मन राखणं म्हणजे काय, ते हिच्याकडून शिकावं.”

वडिलांना असं हसू फुटलं, की ते पोट धरून वाकले आणि पिशवीतला पाना फरशीवर खणखणत गेला.

“बाई, ताई तज्ज्ञ आहेत. उपचार हिच्यावर चालू आहेत.”

“कोणावर?”

“हिच्यावर. राणीसरकारांवर.”

दुर्बीणबाई बाकावर बसल्या. पर्स मांडीवर घेतली. पर्स उघडली, बंद केली. “मग मी इतके दिवस मोजलं कोणाला?”

आणि इथे वडिलांचं हसू थांबलं. आत कोणतं पत्र पडलंय आणि ते कोणाच्या आकड्यांवर उभं आहे, ते त्यांच्या लक्षात आलं. “बाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही सही केलीत तर माझी पोर सहा तास लांब जाईल.”

दुर्बीणबाई उठल्या. परीक्षा सुरू झाल्याची घंटा झाल्यावर त्या जशा उठत, तशा.

साहेबांच्या खोलीत आलेखकाका होते, शाब्बासताई होत्या, टेबलावर पत्र होतं आणि पत्रावर पेन. बाईंनी पेन उचलून बाजूला ठेवलं.

“चुकीच्या उत्तरपत्रिकेवर मी सही करत नाही,” त्या म्हणाल्या. “मी मुलीला मोजलंच नाही. खिडकीकडच्या खुर्चीवर मुलगी कधी बसलीच नाही. मी या ताईंना मोजलं.”

साहेबांनी फाइलीतून छापील सूचना काढून दोनदा वाचली.

“तुम्हाला दिसत नव्हतं का,” साहेबांनी विचारलं, “दिसत नव्हतं का मूल कोणतं ते?”

“दिसत होतं की. पण कागदावर खिडकीकडची खुर्ची होती. आणि प्रश्न विचारायचा नाही, हेही कागदावरच होतं. तुमचाच शिक्का आहे.”

“अहो, पण आकडे जुळले!” आलेखकाका कळवळले. “एक्क्याण्णव टक्के! माणूसच वेगळं, तर आकडे जुळले कसे?”

याचं उत्तर सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं आणि सगळे एकदमच शाब्बासताईंकडे बघायचं टाळू लागले. ताई लाल झाल्या. त्यांनी कानाला हात लावला.

“मी खरंच तिच्याकडे बघत नाही?”

“छत्तीस बैठकांत एकावन्न वेळा बघितलंत,” दुर्बीणबाई म्हणाल्या. “तिच्या केसांतल्या पिनेकडे बऱ्याचदा बघायचात, ते मी धरलं नाही. सूचनेत डोळे होते. वाईट वाटून घेऊ नका हो. मी रोज देवाला सांगत होते तुमचं.”

“माझं?”

“मग काय! पाठ दुखली माझी नमस्कार घालून.”

ताईंना हसावं की रडावं ते कळेना. साहेबांना मात्र कळत होतं काय करायचं ते. “दुसरी मोजणी बाद,” ते म्हणाले. “पण पहिली आहे. काकांनी मुलीलाच मोजलंय. दहा हवे होते, झाले तीन. निष्कर्ष तोच.”

दारात उभे असलेले वडील हे ऐकत होते. त्यांनी काही बोलायच्या आत दुर्बीणबाईंनी पर्समधून एक लहानशी वही काढली. “तीन नाहीत,” त्या म्हणाल्या. “चाळीस.”

“कसले चाळीस?”

“तीस वर्षांची खोड हो, जाता जात नाही. मला एकीला मोजायला सांगितलं तरी दुसरीवर डोळा राहतोच. तुम्ही मागितलं नव्हतंत, म्हणून तक्त्यात घातलं नाही. परीक्षेत सरळ शेजाऱ्याकडे मान वळवतं ते पोर निष्पाप. त्याला पेन हवं असतं. खरं बघणारा खिडकीच्या काचेत बघतो. ही पोर आरशात बघते. ताईंच्या तोंडाकडे. पहिले दोन आठवडे मला वाटायचं ही मलाच बघते, मी गार पडले होते. मग लक्षात आलं, बुबुळं माझ्या जरा बाजूला असतात. ताई हलल्या की बुबुळं हलतात. ताई शिंकल्या त्या दिवशी तर ही आरशात बघून हसली होती. हे घ्या. अडतीस, एक्केचाळीस, चव्वेचाळीस. तारखा आहेत.”

आलेखकाकांनी वही हिसकावूनच घेतली. साहेबांनी ती त्यांच्या खांद्यावरून बघितली, व्याख्येत न बसणाऱ्या पद्धतीने.

“पण हे बघणं नव्हे,” ते म्हणाले. “मान वळलेली नाही. थेट नाही. व्याख्येत आरसा नाही.”

आता वडील आत आले. “साहेब, मी बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. लिफ्टमध्ये आरसा असतो, तो कशासाठी माहितीय? लोकांना एकमेकांच्या तोंडाकडे सरळ बघायला होत नाही. मग सगळे आरशात बघतात. वकील, डॉक्टर, नवरा-बायको, सगळे. तुम्हीसुद्धा. मघाशी वर येताना तुम्ही आरशातच माझी पिशवी बघत होतात. त्याबद्दल कोणी कोणाला सहा तास लांब पाठवलेलं मी ऐकलं नाही.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. तेवढ्यात शाब्बासताईंनी कानातलं बटण काढलं आणि ठेवायला जागा दिसली नाही म्हणून साहेबांच्या चहाच्या पेल्यात टाकलं. जागा दिसली नाही, असं त्या म्हणतात. टेबल चांगलं सहा फुटी होतं.

“मी एकदा बसते तिच्याबरोबर,” त्या म्हणाल्या. “घड्याळ नको, कार्डं नकोत, कोणी टुक करू नका.”

आरशामागच्या त्या अंधाऱ्या कोठडीत चौघं दाटीवाटीने उभे राहिले: साहेब, काका, बाई आणि वडील. वडिलांनी आपली मुलगी अशी कधी बघितली नव्हती, तिला न कळत, समोरून. त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं आणि डोळेही हलवेनात.

राणीसरकार येऊन दाराकडच्या खुर्चीवर बसल्या. ताईंनी चाकांची खुर्ची ढकलत तिच्या शेजारी आणली, आरशाकडे तोंड करून. मग त्या नुसत्या बसल्या. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. आणि त्यांनी आरशात बघितलं.

मुलगी आधीच तिथे होती. सरळ ताईंच्या डोळ्यांत बघत होती. किती दिवसांपासून तिथे वाट बघत थांबली होती, कोण जाणे.

“तीन सेकंद,” आलेखकाका कुजबुजले. “पाच. सात. साहेब, सात!”

“गप बसा हो,” दुर्बीणबाई म्हणाल्या. त्यांच्याही हातात मोजणीचं यंत्र होतं, पण त्यावर बोट ठेवायचं त्यांना सुचलं नव्हतं.

ताईंच्या तोंडावर काहीतरी झालं, पाणी तापून भांड्याचं झाकण हलावं तसं. त्यांनी आरसा सोडला, मान वळवली आणि शेजारी बसलेल्या त्या मुलीच्या तोंडाकडे चांगलं टक लावून बघितलं. मुलीने मान वळवली नाही. पण तिचे ओठ हलले.

“काय म्हणाली?” वडिलांनी साहेबांचा दंडच धरला. “आवाज लावा. आवाज कुठे लागतो?”

साहेबांनी चाचपडत कळ फिरवली. भिंतीतून राणीसरकारांचा आवाज आला. थेट ताईंच्या चालीत, ताईंच्या हेलात, शेवटचं अक्षर तसंच लांबवून.

“शाब्बाऽऽस.”

मग दोन टाळ्या. मग तिने टेबलावरच्या डब्यातून बिस्किटाचा एक तुकडा उचलला आणि ताईंपुढे सरकवला.

ताईंनी तो मुकाट्याने खाल्ला.

दुर्बीणबाईंनी वर छताकडे बघून हात जोडले आणि त्यांना एवढ्या जोरात हसू आलं, की जोडलेले हात सुटले. वडील हसत नव्हते. ते भिंतीला टेकून उभे होते आणि बाहीने तोंड पुसत होते.

“हे अनुकरण आहे,” साहेब सुरू झाले. “अनुकरणाची व्याख्या…”

“साहेब,” वडील म्हणाले, “बारा वाजून दहा मिनिटं झाली. पत्र.”

ते पत्र लिहिताना व्याख्यासाहेबांची जी दशा झाली ती मी जास्त रंगवून सांगत नाही. दुसऱ्याच्या फजितीत किती रमावं, यालाही मर्यादा असते. पण थोडं सांगतो. ‘देत नाही’ लिहिता येईना, कारण दुसरी मोजणी बाद झाल्यावर नुसत्या पहिल्या मोजणीचा निष्कर्ष बाहेर देऊ नये, हा नियम त्यांनी स्वतःच केलेला होता आणि आलेखकाकांनी तो फाइलसकट पुढ्यात आणून ठेवला. ‘देते’ लिहिता येईना, कारण व्याख्या. दोन कागद फाडून झाले. समोर दुर्बीणबाई हाताची घडी घालून उभ्या. साहेबांनी मदतीच्या आशेने काकांकडे तिरकं बघितलं, तर बाई म्हणाल्या, “आपल्या कागदाकडे बघा. वीस मिनिटं उरली.”

“काय लिहू?” अखेर साहेबांनी विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाला काही विचारल्यासारखा त्यांचा आवाज झाला.

“जे बघितलंत ते,” वडील म्हणाले.

साहेबांनी लिहिलं. हाताने, टाइप न करता. ‘सदर मुलगी समोरच्या व्यक्तीकडे बघते. ती तिच्या पद्धतीने बघते आणि ती पद्धत ओळखण्यात आमची चूक झाली. तिला सध्याच्या शाळेतून हलवू नये.’ ‘आमची चूक झाली’ हे शब्द त्यांनी एकदा खोडले. मग वर पुन्हा लिहिले. त्यावर सही झाली. शिक्का उठवताना जोर जास्त लागला आणि शाई सगळ्यांच्या बोटांना लागली.

शाळेत वडील आणि राणीसरकार पोचले तेव्हा एकला चार मिनिटं कमी होती आणि मुख्याध्यापिका कपाटाला कुलूप लावत होत्या. त्यांनी पत्र घेतलं, उभ्यानेच वाचलं. चूक झाली असं लिहिलेलं शिक्का मारलेल्या कागदावर त्यांनी कधी वाचलं नसावं. तिथे त्या थांबल्या आणि ती ओळ पुन्हा वाचली.

“म्हणजे माझ्याकडे बघत होती?”

“बघत असणार. तुमची साडी, चष्मा, सगळं घरी येऊन सांगते. गेल्या गुरुवारी तुमच्या दोन चपला वेगवेगळ्या होत्या म्हणे.”

मुख्याध्यापिकांनी एकदा मुलीकडे आणि एकदा आपल्या पायांकडे बघितलं. गुरुवारची गोष्ट खरी होती. त्या दिवशी अख्ख्या शाळेत दुसऱ्या कोणाच्या ती लक्षात आली नव्हती, किंवा आली तरी सांगायची कोणाची छाती झाली नव्हती. त्यांनी पत्र फाइलीत घातलं आणि कुलूप लावलं.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “उद्या पाठवा. आणि शाळा साडेसातला भरते, आठला नाही. तुमचं नेहमीचंच आहे उशिराचं.”

“हो बाई,” वडील म्हणाले.

“नखं कापून पाठवा.”

“हो बाई.”

“वहीला कव्हर नाही तिच्या.”

“घालतो बाई. आजच घालतो.”

त्या आणखी बोलत राहिल्या, आणि ते एकेका वाक्याला मान डोलवत उभे राहिले, कोणी गोड गळ्याने गात असावं तसे.